घणाची कवळी

मी कवळी बोलतेय. खरी नव्हे, रबरी. पिंजऱ्यात उतरून मारामारी करणारा एक माणूस दातांवर चढवतो, ती.

त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. रबराला कसली आलीय झोप, असं म्हणाल. खुशाल म्हणा. पण ज्या घरात बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही, त्या घरातल्या भांड्याकुंड्यांनाही जागरण घडतं. काळजी आम्हा दोघींची एकच होती. चार वर्षांची पोर कुणाला थोपटू देत नव्हती.

"थोपटू का गं?" आई विचारायची.

"नको."

"बरं, नुसता हात ठेवते पाठीवर."

"ठेव. पण हलवायचा नाही."

आई बिचारी हात दगडासारखा ठेवून बसायची. पोर छताकडे टक लावून पडायची. जरा कुठे सवयीनं आईची बोटं हलली, की ही ताडकन उठून बसे आणि किंचाळे, "मी हरले नाहीये!"

थोपटण्याचा आणि हरण्याचा काय संबंध, हे सांगायचं तर मला मुळापासून सुरुवात करावी लागेल. आणि आधीच सांगते, मी गोड बोलणारी नाही. वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर कुणाची जीभ गोड राहील? त्यातून मला जीभही नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून माझ्यासारख्या ढीगभर पडल्या. सगळ्यांच्या पाकिटावर एकच ओळ: 'कोणत्याही जबड्याला बसेल.' मला तेव्हाच राग आला होता. कोणताही जबडा म्हणजे काय? आम्हाला काही पसंत-नापसंत आहे की नाही? पण रबराला कोण विचारतो. दुकानाच्या काचेत मी पोहण्याच्या टोप्या आणि शिट्ट्या यांच्यामध्ये लटकत राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक तोंडाचा तिरस्कार करत राहिले.

मग हा आला. कान चुरगळून पुन्हा उलगडलेल्या कागदासारखे, नाक एका बाजूला सरकलेलं. सोबत बायको. तिचं पोट बरंच पुढे आलेलं. तिनं मला हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"याने डोक्याला लागत नाही का?" तिनं दुकानदाराला विचारलं.

"ताई, याने दात वाचतात."

"आणि डोकं?"

"डोकं ज्याचं त्यानं वाचवायचं."

नवरा हसला. ती हसली नाही. मला ती तिथेच आवडली. तो नाही.

माझ्यासारखीला घरी आणल्यावर गरम पाण्यात बुडवतात. अंग मऊ पडलं की उचलून तोंडात घालतात आणि दात रोवतात. बेतानं रोवायचे असतात. यानं असे रोवले, की मी जवळजवळ आरपार झाले. वरचा एक दात अर्धा तुटलेला होता, त्याचाही खड्डा माझ्यात कायमचा राहिला. 'कोणत्याही जबड्याला' म्हणून जन्मलेली मी त्या क्षणापासून जगातल्या एकाच जबड्याची झाले. लग्न म्हणजेही साधारण असंच असावं. बायको समोरच उभी होती. तिच्या तोंडाकडे बघून तरी मला तसं वाटलं.

माझं नाव ठेवलं त्याच्या आईनं. त्यांची स्वतःची खरी कवळी होती. खिडकीजवळच्या फळीवर एका कपात ती राहायची. मला तिच्या शेजारची जागा मिळाली.

"बरं झालं," सासूबाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "घरात दोन कवळ्या झाल्या. माझी घास खायला, तुझी मार खायला."

एकदा घाईत हा माझ्याऐवजी आईची कवळी डबीत घालून जिमला घेऊन गेला. तिकडे सगळे पोट धरून हसले आणि इकडे सासूबाई दुपारपर्यंत उपाशी. त्यांनी लेकाला जे काय सुनावलं, त्यातलं अर्धं दात नसल्यामुळे कुणाला कळलं नाही. उरलेलं अर्धं मी सांगणार नाही. घरात लहान मूल आहे.

हा दिवसा टायरच्या दुकानात काम करायचा. चाकावरून टायर उतरवणं, पंक्चर काढणं, नवा टायर चढवणं. संध्याकाळी जिम. मिक्स्ड मार्शल आर्ट्स असं भारदस्त नाव त्या खेळाला आहे. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, हात पिरगळणं, सगळं चालतं. आत कोंडलेले दोघं, भोवती जाळीचा पिंजरा. जनावरांना कोंडलं तर लोक बोंबा मारतात. इथे तिकीट काढतात.

जिमचा मालक वस्ताद. जुना कुस्तीगीर, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळायचं नाही. पहिल्या दिवशी त्यानं याला विचारलं, "टॅप करता येतं का?"

टॅप म्हणजे काय, ते सांगते. समोरच्यानं तुमचा गळा आवळला किंवा हात उलटा ताणला, आणि आता मोडतोय असं वाटलं, की मोकळ्या हातानं त्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर चापट्या मारायच्या. पंच धावत येतो आणि सोडवतो. तुम्ही हरता, पण धड राहता.

"टॅप करायचं म्हणजे—" हा सांगू लागला.

"टॅप म्हणजे नळ!" वस्ताद खेकसला. "नळ दुरुस्त करायला आलायस का? आपल्याकडे थोपटतात. म्हण, थोपटतात. आणि हा पहिला डाव. ज्याला थोपटता येत नाही त्यानं माझ्या दारात येऊ नये. मोडका गडी मला काय लोणच्याला घालायचाय?"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. वस्तादनं ठेवलं नाही.

याच्या ठोशात जोर होता, म्हणून याचं नाव पडलं घण. नाव चांगलं होतं. अडचण एवढीच, की घण पडायचा तो दरवेळी शेजारी. पहिल्याच मोठ्या झुंजीत समोरच्यानं याला खाली घेतलं, पाठीवर बसून गळ्याभोवती हात घातला आणि आवळला. मी तोंडात होते. श्वास माझ्या अंगावरून आत-बाहेर होत होता, तो थांबला. हाताला कळत होतं की थोपटायला हवं. हात उचलला गेलाही. मग याच्या डोक्यात काय आलं देव जाणे, यानं मूठ वळली आणि तशीच ठेवली.

आणि झोपला. डोळे पांढरे झाले, जबडा सैल पडला, मी घरंगळत बाहेर आले आणि लाळेसकट जमिनीवर पडून बघत राहिले. बायको तिथे नव्हती. घरी तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन मोबाइलवर बघत होती. ती बघू शकली की तिनं डोळे मिटले, मला आजवर कळलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

यात शरम वाटण्यासारखं होतं सगळं. पण लोकांनी शिट्ट्या मारल्या! जिंकला त्याचं नाव कुणी घेईना. "झोपला पण थोपटला नाही!" हेच जो-तो बोलायला लागला. आणि वस्ताद? दुसऱ्या दिवशी यानं जिममध्ये पाय ठेवताच त्यानं याच्या पाठीवर थाप मारली आणि बाकीच्यांना म्हणाला, "याला म्हणतात गडी. बघा आणि शिका."

पहिला डाव विसरला.

झुंजी भरवणाऱ्यांचा एक माइकवाला होता. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. त्याला तर आयतं कोलीत मिळालं. पुढच्या पोस्टरवर याचं सुजलेलं तोंड आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'मोडेन पण थोपटणार नाही!'

त्यानंतर याला झुंजींची कमी पडली नाही. जिंकण्याची पडली. कुठल्याही नव्या पोराला नाव काढायचं असलं की त्याच्यासमोर घण. एकदा खांदा निखळला. एकदा पायाचा घोटा फिरला. हा थोपटला नाही. दरवेळी पंचालाच मध्ये पडून सोडवावं लागलं. आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मी जबड्याच्या फटीतून त्यांची तोंडं बघायची. तुम्हाला खरं सांगते, याला जिंकताना बघायला त्यातलं कुणी येत नव्हतं. मोडताना बघायला येत होते. मला त्या प्रत्येकाला चावावंसं वाटायचं. दात मात्र माझे नव्हते.

याच माणसाची घरातली गंमत ऐका. पोरीला झोपवायचं काम याचं होतं. रोज. धुऊनही काळसर राहिलेला, टायरचा वास येणारा तो उजवा पंजा तिच्या एवढ्याशा पाठीवर पडायचा. इतका हळू, की फळीवरून मला तो ऐकू यायचा नाही, नुसता दिसायचा. थप. मग जरा थांबून पुन्हा थप. अंगाई याला येत नव्हती, म्हणून हा टायरचे आकडे पुटपुटायचा. मोटारीचे, मग ट्रकचे. ट्रॅक्टरपर्यंत कधी पोचावं लागलं नाही.

"काय शिकवतोयस तिला?" बायको म्हणायची. "मोठी होऊन चाक होईल."

"होऊ दे. निदान पुढे तरी जाईल."

असं चाललं होतं. बाहेर 'घण थोपटत नाही' आणि घरात घण थोपटल्याशिवाय पोर झोपत नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं नांदत होत्या, कारण त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

ओळख करून दिली मोबाइलनं. हा एक जुनी झुंज बघत बसला होता, पोर मांडीवर. पडद्यावर खाली पडलेला माणूस वरच्याच्या पाठीवर चापट्या मारत होता.

"हे काका त्या काकांना झोपवतायत?" पोरीनं विचारलं.

हा हसला. "नाही गं. ते हरले. थोपटलं की हरलं."

"तू पण थोपटतोस."

"मी कुठे? बाबा काय करत नाहीत?"

हा खेळ घरात रोजचा होता. टायरच्या दुकानातले मित्र आले की तिला उभं करून हेच विचारायचे आणि ती ओरडायची, "थोपटत नाहीत!" सगळे टाळ्या वाजवायचे. त्या दिवशीही ती ओरडली. पण ओरडून झाल्यावर तिनं बापाच्या पंजाकडे बराच वेळ बघितलं.

त्या दिवसापासून तिनं कुणाला पाठ थोपटू दिली नाही. आधी आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. बायकोनं पाठीवर पावडर लावून बघितली, कुशी बदलून बघितली, मोबाइलवर वाचून बघितलं. तिथे लिहिलं होतं, 'मुलांना आपल्या भावना बोलून दाखवू द्या.' मूल भावना बोलून दाखवत होतंच. "मी हरले नाहीये!"

"माझंच काहीतरी चुकतंय," ती भांडी घासताना स्वतःशी म्हणाली. "बाकीच्यांची पोरं झोपतात."

मला तिला सांगायचं होतं, की बाई, तुझं काही चुकत नाही. पण मी तिच्या नवऱ्याची कवळी. माझा शब्द कितीसा धरला असता तिनं?

मग बालवाडीतली ती गोष्ट घडली.

वाळूत खेळताना वर्गातला एक धष्टपुष्ट मुलगा हिच्या छातीवर बसला. खेळातच. तो घोडा-घोडा करत होता. हिचा एक हात अंगाखाली अडकलेला. बाईंचं लक्ष जाईपर्यंत हिच्या ओठांचा रंग गेला होता. बाईंनी त्या मुलाला ओढून काढलं आणि हिला पोटाशी धरून विचारलं, अगं, ओरडली का नाहीस? ऊठ म्हणायचंस ना त्याला!

ही म्हणाली, "आम्ही थोपटत नाही."

संध्याकाळी हा टायरच्या दुकानातून आला तेव्हा बायको दारातच उभी होती. पोर सासूबाईंजवळ आतल्या खोलीत. तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटत होती.

ऐकून झाल्यावर यानं काय करावं? हसला. जरासाच, एका कोपऱ्यातून. "माझी पोर आहे," म्हणाला.

"हसलास?" ती म्हणाली. "तू हसलास? देवाशपथ, तुझं तोंड फोडावंसं वाटतंय मला. पण त्यासाठी लोक रांगेत उभे आहेत."

"अगं, लहान आहे. शिकेल हळूहळू."

"शिकलीय! तेच तर सांगतेय. ओठ पांढरे पडेपर्यंत गप्प राहायला शिकलीय. कुणाकडून शिकली?"

"मी तिला कधी सांगितलं का असं कर म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? टाळ्या वाजवतोस की."

हा खाली बसला. बूट काढायला वाकला आणि तसाच राहिला.

"मला जिंकता येत नाही," बुटाकडे बघत म्हणाला. "तुला माहितीये. सगळ्यांना माहितीये. दुकानात मालकसुद्धा माझ्याशी नीट बोलतो ते त्या एकाच गोष्टीमुळे. तेवढं एक जमतं मला. तेही काढून घेतेस?"

"मी काही काढून घेत नाही. तू ते पोरीला देऊन बसलायस. ते परत घे."

"परत कसं घ्यायचं?"

"मला काय माहीत! मला विचारतोस? मी अजून थर्मामीटर उलटं धरते! पण घे परत."

आतून सासूबाई ओरडल्या, "भांडायचं तर मोठ्यानं भांडा, मला नीट ऐकू येत नाहीये!"

पण दोघंही पुढे बोलले नाहीत.  शेजारच्या कपात खरी कवळी पाण्यात गप्प होती. तिच्याशी माझं कधीच पटलं नाही. त्या दिवशी मात्र मला तिचा हेवा वाटला. तिला चावायला निदान अन्न तरी मिळत होतं.

पुढची झुंज त्याच आठवड्यात होती. समोरचा एक नवा पोरगा, लोक त्याला अडकित्ता म्हणायचे. दोन्ही पायांत हात पकडून कोपरातून मोडायचा, एवढं एकच काम, पण चोख. त्यानं आजवर ज्यांना पकडलं त्या सगळ्यांनी मुकाट्यानं थोपटलं होतं. एक घण उरला होता. आता तुम्हीच सांगा, तिकीट काढून लोक काय बघायला आले असतील?

बायको आली. पोरीला सासूबाईंपाशी ठेवून आली. आजवर कधी आली नव्हती. वस्तादच्या मागच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली. पिशवीत पोरीचे ओले रुमाल, पाण्याची बाटली आणि एक बाहुली. बाहुली का आणली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पिंजऱ्याचं दार लागलं. दोघं समोरासमोर आले.

"काका," अडकित्ता म्हणाला, "डावा मोडू का उजवा? जेवता त्या हाताला नाही लावत."

हा काहीतरी म्हणाला. पण तोंडात मी होते, त्यामुळे नुसतं 'ब्ल्ब्' असं झालं. पहिल्या रांगेतले खिदळले. माझी चूक नाही ती. माझं काम दात सांभाळायचं आहे, इज्जत नाही.

पहिली फेरी हा तग धरून राहिला. एक ठोसा तर असा बसला, की अडकित्त्याचे गुडघे लटपटले, आणि मला क्षणभर वाटलं, की आज घण ऐरणीवरच पडतोय. पण लोक ओरडत होते, "खाली घे त्याला! खाली घे!" हे याला नव्हतं, त्याला होतं. आपल्याच गावच्या माणसाविरुद्ध ओरडायला कसली हौस असते लोकांना.

मधल्या विश्रांतीत वस्तादनं मला याच्या तोंडातून काढलं, पाण्यानं खंगाळलं आणि याच्या कानाशी लागला. "हात दिलास तरी चालेल. मोडला तर मोडू दे. महिन्यात जुळतो. नाव राहील."

मी त्याच्या बोटांत होते. मागच्या खुर्चीवर बायकोची पिशवी मांडीवरून घसरली, ते मी बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिच्या ओठांशी शब्द आले होते, खूप आले होते, पण एकही धड जुळेना.

दुसऱ्या फेरीत अडकित्त्यानं याला खाली घेतलं. पाय सापासारखे सरकले आणि उजवा हात त्याच्या मांड्यांमध्ये अडकला. तोच हात. टायरचा वास येणारा. कोपर उलटं ताणायला लागलं.

आणि सगळ्या गोंगाटात मागून एक बारीक, घाबरा आवाज आला, "हात आत घे रे! हात आत घे!"

बसच्या खिडकीतून पोरीनं हात बाहेर काढला की बायको असंच ओरडते. सल्ला अगदी बरोबर होता. थोडा उशिरा आला, एवढंच.

"तोड! तोड! तोड!" लोक एका तालात म्हणायला लागले. वस्ताद जाळीला चिकटून ओरडत होता, "धर! धर!" याचे दात माझ्यात असे रुतले, की मला वाटलं आता माझे दोन तुकडे. या माणसानं आयुष्यात जे जे गिळलं होतं, हरलेल्या झुंजी, मालकाची बोलणी, बायकोची ती शांतता, सगळं त्या चाव्यात होतं. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मी मनात म्हणत होते, मोडू दे एकदा याचा हात. मोडू दे, म्हणजे कटकट मिटेल.

मग याचा डावा हात उचलला गेला. मूठ होती. मला वाटलं, नेहमीसारखी मूठच राहणार.

मूठ उघडली. पंजा अडकित्त्याच्या मांडीवर पडला. थप. मग जरा थांबून पुन्हा थप.

पंचाला कळलंच नाही. अडकित्त्यालाही नाही. चार जण थोपटतात तसं ते थोपटणंच नव्हतं! माणसं जीव खाऊन, फटाफट चापट्या मारतात. हा झोपवल्यासारखा थोपटत होता. त्याला थोपटण्याची एकच तऱ्हा येत होती. आणि घण थोपटेल असं स्वप्नातही कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळे त्या हाताकडे कुणी बघतही नव्हतं. कोपर करकरलं.

तेव्हा यानं मला थुंकलं.

इतक्या वर्षांत मी मारानं बाहेर पडले होते, बेशुद्धीत घरंगळले होते. यानं आपणहून मला तोंडाबाहेर काढलं ते पहिल्यांदा. आणि मोकळ्या तोंडानं हा ओरडला, "थोपटलं! थोपटलं रे मी!"

पंच धावला. अडकित्त्यानं पाय सोडले आणि आ वासून याच्याकडे बघत राहिला.

 मग जे सुरू झालं ते मी सांगत नाही. बाटल्या आल्या. "तिकीट परत द्या!" आलं. "पळपुट्या!" आलं. कालपर्यंत ज्यांनी याचं तोंड छातीवर छापून घेतलं होतं, त्यांनी ते कपडे काढून जाळीवर फेकले. भोंगा घाईघाईनं आत आला आणि त्याचा पाय नेमका माझ्यावर पडला. मी मधोमध चिरले. वस्ताद जाळीपाशी उभा राहून याच्याकडे न बघता म्हणाला, "आता पोस्टरवर काय लिहू, अं? सांग ना. काय लिहू?" आणि टॉवेल खांद्यावर टाकून चालता झाला. त्याच्या त्या पहिल्या डावाची आठवण त्याला करून द्यावी असं फार वाटलं. पण मी जमिनीवर, चिरलेली. माझं कोण ऐकतं?

मला उचललं बायकोनं. कशी आत शिरली कुणास ठाऊक. पोरीचं नाक पुसावं तसं तिनं मला ओल्या रुमालानं पुसलं.   मग नवऱ्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून, अंड्यांची टोपली न्यावी तशी ती त्याला बाहेर घेऊन गेली.

हाड वाचलं. सांध्याच्या शिरा ताणल्या होत्या. डॉक्टरांनी हात झोळीत बांधला.

आता माझं म्हणाल, तर मी आहे. खिडकीजवळच्या फळीवर, खऱ्या कवळीशेजारी. यानं मला कचऱ्यात टाकलं होतं, तिनं काढून आणलं. का, ते विचारू नका. तिचा अजून त्याच्यावर विश्वास नाही, आणि माझा दोघांवरही नाही. हा पुन्हा पिंजऱ्यात उतरेल का, मला माहीत नाही. चिरलेल्या कवळीनं उतरता येत नाही, एवढं खरं. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. कुणी या घरी आलात, तर कौतुकानं त्याला नवी कवळी भेट देऊ नका. आणि पोरीला मधे उभं करून ते जुनं काही विचारून टाळ्या वाजवू नका. बाकी मला तुमच्याकडून काही नको.

एवढं बोलून मी गप्प बसणार होते. पण झुंजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते राहिलं.

पोर जेवून पलंगावर पडली होती, डोळे टक्क उघडे. हा येऊन कडेला बसला. झोळीतल्या हाताकडे तिनं बघितलं.

"मोडला?"

"नाही."

"का नाही मोडला?"

 दारात बायको ओला फडका हातात धरून उभी राहिली होती. फडक्याचं पाणी तिच्या पायावर गळत होतं.

"मी थोपटलं," हा म्हणाला.

पोर उठून बसली. "तू?"

"हो."

"कुठल्या हातानं?"

यानं डावा हात दाखवला. तिनं तो उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"जोरात?"

"नाही गं. हळू. तुला थोपटतो ना, तसं."

ती विचारात पडली. कपाळाला आठ्या घालून, बापाचा पंजा मांडीवर धरून. आता ही म्हणणार, मग तू हरलास. मला खात्री होती. तिच्या आईलाही होती, तिनं फडका तोंडाशी नेला होता. आणि याचा जबडा, जो मी आतून-बाहेरून ओळखते, तो तसा आवळला गेला होता, जसा मोठा ठोसा येताना आवळतो.

पोरीनं वर बघितलं.

"मग तो झोपला का?"